शांत बाळ आणि मिठाची बरणी

बाळंतिणीच्या खोलीत आप्तेष्ट बायका जमल्या, की बाळाच्या रंगरूपाची चर्चा आटोपून बोलणे त्याच्या स्वभावाकडे वळते. बाळ रात्रभर जागवीत असेल तर आईची कीव केली जाते. उलट ते सदोदित झोपून असेल, भुकेलाही फारसे रडत नसेल, तर "किती गुणी लेकरू! आईला मुळी त्रास म्हणून नाही," असे कौतुक होते. बहुतेक घरी हे कौतुक रास्तच असते. परंतु क्वचित एखाद्या घरी तो गुण नसून दुखण्याची पहिली खूण असते, आणि ती ओळखण्यास दोन-चार महिन्यांचा विलंब झाला, तर त्या बाळाच्या बुद्धीची जी हानी होते ती पुढे कोणत्याही औषधाने पुरती भरून निघत नाही. गळ्यातील एक लहानशी ग्रंथी आणि डोक्यातील मेंदू यांचा एवढा निकटचा संबंध कसा, हे आमच्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे त्यांना, ठाऊक असावे म्हणून हा लेखप्रपंच.

शरीराच्या राज्यात निरोप पोचविण्याच्या दोन व्यवस्था आहेत. एक तारेची आणि दुसरी दवंडीची. तारखाते आपल्या देशात २०१३ च्या जुलैत बंद झाले. तरी दारात तारवाला उभा राहिला म्हणजे काळजात कसे धस्स होई, हे घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तार ठराविक मार्गाने ठराविक पत्त्यावर येई, आणि तातडीने येई. मज्जासंस्थेचे काम तसेच आहे. मेंदू, पाठीच्या कण्यातून उतरलेला मज्जारज्जू आणि त्या दोहोंपासून निघून बोटांच्या टोकांपर्यंत गेलेले मज्जातंतू, असा तिचा पसारा. एकट्या मेंदूतच सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. ज्या तंतूंवर मेदाचे जाड वेष्टन असते, त्यांतून निरोप सेकंदाला शंभर मीटरांहूनही अधिक वेगाने धावतो. ज्यांवर ते नसते, त्यांतून तो मीटर-दोन मीटरांच्या चालीने रेंगाळत जातो. तव्याला बोट लागले की आधी चटका जाणवतो आणि ठसठस मागाहून येते, ती या दोन प्रकारच्या तंतूंमुळे. आणि हात तर त्याही आधी मागे आलेला असतो. तो हुकूम मज्जारज्जूनेच परस्पर दिलेला असतो. मेंदूला वर्दी मागून जाते.

हे निरोप विजेचे असतात, असे शाळेत शिकवितात. ते खरे, परंतु एका पेशीचा तंतू संपून दुसरी पेशी सुरू होते तेथे अतिसूक्ष्म फट असते, आणि ती ओलांडताना निरोप बहुधा रासायनिक द्रव्याच्या रूपाने जातो. ऑस्ट्रियातील ग्राट्‌स येथे ओटो लोवी यांनी १९२१ साली हे दाखवून दिले. बेडकाच्या हृदयाची गती मंद करणारा मज्जातंतू त्यांनी चेतविला, त्या हृदयाभोवतीचे क्षारजल काढून दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडले, आणि तेही मंदावले. दोन्ही हृदयांत तार कोणतीच नव्हती. निरोप पाण्यातून गेला होता. हा प्रयोग लोवींना स्वप्नात सुचला. पहिल्या रात्री त्यांनी उठून काहीतरी खरडून ठेवले, ते सकाळी त्यांचे त्यांनाच वाचता येईना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा ते सरळ प्रयोगशाळेत गेले. उशाशी वही ठेवून निजणाऱ्या आमच्या लेखकमित्रांनी यावरून निदान अक्षर सुधारण्याचा बोध घ्यावा. लोवींना १९३६ साली सर हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी व्यवस्था दवंडीची. काही ग्रंथींना नळी नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. रक्त साऱ्या शरीरातून फिरून येण्यास मिनिटभर पुरते, तेवढ्यात हा स्राव प्रत्येक पेशीच्या दारावरून जातो. दवंडी सर्व गाव ऐकते, पण हलतो तो ज्याला बोलावणे असते तोच. तसेच ज्या पेशींपाशी तो स्राव ओळखण्याची सोय असते त्याच कामाला लागतात. लंडन येथे १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडून त्या आतड्यात आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला. तार तोडली असता निरोप पोचला, तेव्हा तो रक्तातून गेला हे उघड झाले. अशा द्रव्यांना स्टार्लिंग यांनी १९०५ साली, चेतविणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, 'हार्मोन' हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. काही दवंड्या क्षणांत उरकतात: कुत्रा अंगावर आला की अधिवृक्क ग्रंथीतून सुटणारे ॲड्रिनॅलीन छातीत धडधड उत्पन्न करते. काही जेवणापुरत्या असतात. स्वादुपिंडातील इन्सुलिनचे काम तसले. काही मात्र महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चालतात. आपला आजचा विषय त्या लांब पल्ल्याच्या दवंडीचा आहे.

ही दोन खाती परस्परांपासून अलग आहेत, असे मात्र समजू नये. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, आणि त्याच्या देठाला वाटाण्याएवढी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची पोष ग्रंथी लोंबते. मज्जासंस्थेचे निरोप येथे संप्रेरकांत रूपांतरित होतात. मेंदू येथून ग्रंथींना हुकूम देतो आणि ग्रंथींचे उत्तर रक्तावाटे येथेच परत येते.

आता गळ्यातील ग्रंथी. कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून फुलपाखरासारखी दोन पंखांची अवटु ग्रंथी असते. वजन सुमारे २० ग्रॅम, म्हणजे आजच्या सराफी हिशेबाने दोन तोळे. घरोघर तिचे नाव थायरॉइड असेच झाले आहे, आणि "मला थायरॉइड आहे" असे रुग्ण सांगतात. वास्तविक तो सर्वांनाच असतो. "मला यकृत आहे" म्हणण्यासारखेच ते. परंतु बोलीभाषेशी भांडण्यात अर्थ नाही.

ही ग्रंथी आयोडीन आणि एक प्रथिनांश यांपासून थायरॉक्सिन तयार करते. त्याच्या एका कणात आयोडीनचे चार अणू असतात. पेशींपाशी त्यांपैकी एक गळतो, आणि तीन अणू उरलेले रूप खरे काम करते. काम काय, तर शरीरातील प्रत्येक भट्टीची आच किती ठेवावी ते ठरविणे. आच मंदावली की हृदय संथ चालते, आतडी सुस्तावतात, थंडी सोसत नाही, कातडी कोरडी पडते, विचारही जड होतात.

ग्रंथीने किती थायरॉक्सिन करावे, याचा हुकूम पोष ग्रंथी आपल्या एका संप्रेरकाने देते. रक्ततपासणीच्या कागदावर टी.एस.एच. या अक्षरांपुढे जो आकडा असतो तो याच हुकमाचा. येथे सुशिक्षित माणसांचाही घोटाळा होतो. आकडा वाढलेला पाहून ग्रंथी जोरात चालली आहे असा समज होतो; बहुधा गोष्ट नेमकी उलटी असते. मजूर कामचुकारपणा करू लागला की मुकादमाचा आवाज चढतो. टी.एस.एच. हा मुकादमाचा आवाज आहे. तो चढला तर ग्रंथी मंदावली, आणि तो अगदी ऐकू येईनासा झाला तर ग्रंथी आपण होऊनच बेसुमार धावते आहे, असे बहुतेक वेळा समजावे.

मंदावलेल्या ग्रंथीवर उपाय सापडला तो कसायाच्या दुकानात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांच्याकडे ४६ वर्षांची एक स्त्री होती. चेहरा सुजलेला, बोलणे जड, हालचाली गोगलगाईच्या. १८९१ साली मरे यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क काढून तिला टोचला. काही आठवड्यांत ती स्त्री पुन्हा माणसांत आली. पुढे हा अर्क पोटातून देता येतो असे आढळले, आणि तो घेत ती आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्यासाठी आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक मिळविले, आणि १९२७ साली लंडनमध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत घडविले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी बारीक गोळी ती हीच. मेंढीची गरज उरलेली नाही.

प्रौढ माणसाची आच मंदावली तर गोळीने ती पुन्हा वाढविता येते. मध्ये गेलेले दिवस वाया जातात, एवढेच. बाळाचे तसे नाही, आणि या लेखातील महत्त्वाची गोष्ट हीच. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची बांधणी चालू असते. पेशींनी आपापल्या जागी जाऊन बसावे, फांद्या फोडाव्यात, एकमेकींशी सांधे जुळवावेत, तंतूंवर मेदाचे ते वेष्टन चढावे, या सर्वांना थायरॉक्सिन लागते. म्हणजे तारखात्याचे खांब आणि तारा उभारण्याचे काम दवंडीच्या हुकमावर चालते. दवंडी बंद पडली, की तारा ओढल्याच जात नाहीत; आणि बांधणीचा काळ एकदा उलटून गेला, की मागाहून कितीही दवंड्या पिटल्या तरी उपयोग थोडा होतो.

आपल्या देशात सुमारे हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळाची अवटु ग्रंथी जन्मतःच नसते, चुकीच्या जागी असते किंवा पुरेसे काम करीत नाही. असे बाळ जन्मताना बहुधा अगदी निरोगी दिसते, कारण आईचे थोडे थायरॉक्सिन वारेतून त्याला मिळालेले असते. त्यामुळे कुशल डॉक्टरांनाही नुसते पाहून निदान करता येत नाही. ती शिदोरी संपू लागली की खुणा हळूहळू उमटतात. कावीळ दोन आठवडे उलटले तरी हटत नाही. शौचास कठीण होते. रडणे घोगरे असते. दूध ओढताना बाळ थकून झोपी जाते. जीभ मोठी वाटते, बेंबी फुगते, हातपाय गार लागतात. टाळू भरणाऱ्या आजीच्या बोटांना टाळू अंमळ मोठी लागते. यांपैकी एखादी खूण निरोगी बाळातही असू शकते, आणि येथेच फसगत होते. कारण सगळ्यांत मोठी खूण म्हणजे बाळ शांत असणे, आणि तिला आपण गुण म्हणतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात थोरल्या नातवाचे निदान पाचव्या महिन्यात झाले. जन्म ज्या रुग्णालयात झाला तेथे ही तपासणी झालेली नव्हती, आणि घरात कुणाला ती ठाऊक नव्हती. तो मुलगा आज मोठा झाला आहे. स्वभावाने गोड, सांगितलेले काम मनापासून करणारा. परंतु शाळा त्याला झेपली नाही, आणि दुकानातून परत आलेले पैसे आईला मोजून घ्यावे लागतात. त्याच्या आजींना एकच गोष्ट खुपते: पाळण्यातल्या त्याच्या शांतपणाचे कौतुक त्यांनी आल्यागेल्याला सांगितले होते. आम्ही त्यांना म्हणालो, "काकू, तुमची यात चूक नाही. ते ओळखणे टाचेतल्या रक्ताच्या एका थेंबाचे काम होते." त्यावर त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते: "मग तो थेंब कुणी घेतला का नाही?" धाकट्या नातीच्या वेळी त्या स्वतः तिसऱ्या दिवशी परिचारिकेच्या पाठीस लागल्या. ती मुलगी निरोगी निघाली.

हा थेंब घेण्याची पद्धत कॅनडातील क्विबेक प्रांतात १९७० नंतरच्या काही वर्षांत जाँ द्युसो यांनी घालून दिली. बाळाची टाच किंचित टोचून रक्त टिपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचे. कागद टपालानेही जाऊ शकतो. जन्मल्यावर पहिले दोन दिवस टी.एस.एच. आपोआपच चढलेला असतो, म्हणून थेंब घेण्यास तिसरा ते पाचवा दिवस चांगला. काही ठिकाणी जन्मतःच नाळेतील रक्त तपासतात, तेही चालते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. दोष आढळला आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर ही बाळे सामान्यतः इतर मुलांसारखीच शिकतात, वाढतात. गोळी चुरडून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात रोज द्यायची, एवढाच उपचार. आपल्या देशात ही तपासणी अद्याप प्रत्येक रुग्णालयात होतेच असे नाही. तेव्हा बाळबाळंतिणीला घरी आणण्यापूर्वी "थायरॉइडची तपासणी झाली काय?" हे विचारावे, आणि कागद मागून घ्यावा. विचारण्यात संकोच कसला?

कधीकधी मात्र बाळाची ग्रंथी शाबूत असते आणि आईच्याही ग्रंथीत दोष नसतो. उणीव असते ती आयोडीनची. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर स्त्रीला २५०. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सा. साठ वर्षांच्या आयुष्याची बेरीज केली तरी ती सव्वातीन ग्रॅमच्या आसपास जाते. चहाचा चमचाही भरत नाही. परंतु शरीर ते साठवून ठेवते थोडे, आणि ते रोज मिळावे लागते. आयोडीनचा खरा साठा समुद्रात. डोंगरउतारावरच्या जमिनीतून पावसाने आणि बर्फाने ते धुऊन नेलेले असते, आणि जे जमिनीत नाही ते धान्यातही नसते. मग ग्रंथी असेल नसेल ते आयोडीन टिपण्याच्या खटाटोपात फुगते. तोच गलगंड. गलगंड दिसतो तरी. त्या गावांतील मुलांच्या बुद्धीचे नुकसान दिसत नाही.

हिमालयाच्या पायथ्याशी, आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात, डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली एक प्रयोग आरंभिला. लाखाहून अधिक वस्तीच्या त्या खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ पुरविले, तिसऱ्याला साधे. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन भागांतील गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला; तिसऱ्यात होता तसाच राहिला. पुढे तिसऱ्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ मिळाले आणि तेथेही तो उतरला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाच्या निबंधावर देव आणि करमरकर अशी दोन मराठी आडनावे आहेत, याचा आम्हांला अंमळ अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. या प्रयोगाच्या बळावर सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रणाची राष्ट्रीय योजना आखली. खाण्याच्या साध्या मिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी १९९० नंतरच्या दशकात आली, २००० साली ती उठली आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली. ग्राहकाच्या हाती पडताना किलोभर मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे.

आपण गुजरातेतील मराठी माणसे तर मिठाच्याच मुलखात राहतो. देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ येथे पिकते. कच्छच्या छोट्या रणात अगरिया कुटुंबे वर्षातील सात-आठ महिने मिठागरांवर काढतात. परंतु समुद्रकाठचे मीठ म्हणजे आयोडीनचे मीठ, हा समज चुकीचा आहे. मीठ स्फटिक होताना त्यात आयोडीन नाममात्रच उरते. ते कारखान्यात पोटॅशियम आयोडेटच्या रूपाने मिसळावे लागते. गुजराती नववर्षाच्या पहाटे "सबरस" म्हणत दारी येणारे मीठ शुभ म्हणून आपणही घेतो. ते अवश्य घ्यावे. लोणच्याला, कैऱ्यांना खडेमीठ घालावे. रोजच्या आमटीभाजीची बरणी मात्र आयोडीनयुक्त मिठाची असू द्यावी. उपवासाचे सैंधव उपवासापुरते ठीक. अलीकडे ते गुलाबी रंगाच्या देखण्या पाकिटांत महागाने विकले जाते आणि काही घरांत बारा महिने तेच वापरतात. त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. मिठाची बरणी घट्ट झाकणाची असावी आणि शेगडीच्या धगीपासून व दमटपणापासून दूर ठेवावी. आयोडीनसाठी मीठ वाढविण्याचे कारण नाही. ते रक्तदाबाला आमंत्रण होईल.

आणि मीठ बदलून प्रौढांचा 'थायरॉइड' बरा होईल, अशी आशाही धरू नये. शहरांतील प्रौढांत ग्रंथी मंदावण्याचे मुख्य कारण आता निराळे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर उठते. हाशिमोतो या जपानी शल्यवैद्यांनी १९१२ साली या विकाराचे पहिले वर्णन केले. स्त्रियांत तो पुरुषांच्या कितीतरी पट आढळतो. अहमदाबाद, हैदराबाद आणि गोवा यांसह आठ ठिकाणच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभर प्रौढांत सुमारे अकरा जणांची ग्रंथी मंद आढळली, आणि त्यांतील कित्येकांना ते ठाऊक नव्हते. घरातील एखादी सून सकाळी उठत नाही, वजन वाढते, केस गळतात, पाळी अनियमित होते, विसराळूपणा येतो, मन उदास राहते. आणि घर तिला आळशी ठरवून मोकळे होते. शिकवण देण्यापूर्वी रक्त तपासावे. सर्वच आळस ग्रंथीचा असतो असे आमचे म्हणणे नाही. पण तपासणी स्वस्त आहे आणि दूषण महाग.

गोळी सुरू झाली की ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा निदान अर्धा तास थांबवावा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात, नाहीतर ती अंगी लागत नाही. गोळीचा परिणाम स्थिरावण्यास वेळ लागतो, म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. वजन उतरविण्यासाठी शेजारणीची गोळी घेणे घातक आहे. हृदयाचे ठोके बिघडतात.

एक गोष्ट सासवा-आयांना विशेषेकरून सांगावयाची आहे. दिवस गेल्याचे कळताच "आता औषधे नकोत" म्हणून घरात सगळ्या गोळ्या बंद करविण्याची चाल आहे. थायरॉक्सिन बंद करू नये. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करीत नसते आणि त्याच्या मेंदूला आईचेच थायरॉक्सिन पुरवावे लागते. म्हणून या काळात मात्रा उलट पाव ते एक-तृतीयांश इतकी वाढवावी लागते, आणि त्यासाठी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. बाळंतपणानंतर मात्रा बहुधा पूर्ववत करतात व सहा आठवड्यांनी रक्त तपासतात. ही गोळी घेणाऱ्या आईने बाळाला अंगावर पाजण्यास काही हरकत नाही.